आजी, नातू आणि एक पासपोर्ट: सगळ्या कुटुंबाची परदेश सहल कशी ठरवायची?

व्हॉट्सॲपवर कुटुंबाचा ग्रुप असतो. त्यात कुणीतरी स्वस्त तिकिटांची लिंक टाकतं आणि खाली लिहितं, ‘जायचं का?’ मग बाबांचा अंगठा येतो, बहिणीचं हृदय येतं, आई लिहिते ‘मला काहीही चालेल’. तासाभरात देश ठरतो. आईचा गुडघा, भाचीची परीक्षा, आजोबांची औषधं आणि दीड वर्षापूर्वी संपलेला धाकट्याचा पासपोर्ट हे सगळं तिकिटं काढल्यावर आठवतं.

गडबड इथेच होते. देश आधी ठरवायचा आणि माणसांना त्यात बसवायचं, हा क्रम उलटा आहे. आधी माणसांच्या अडचणी मांडल्या तर निम्मे देश आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवड सोपी होते.

समजा, कोथरूडमधलं एक कुटुंब आहे. आजोबा ७४ वर्षांचे, त्यांना मधुमेह. आजी ६९ वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, खाणं पूर्ण शाकाहारी. मुलगा-सून हिंजवडीत नोकरीला, दोघांना मिळून जेमतेम आठ दिवसांची रजा. पंधरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. हे सगळे एकत्र कुठे जाऊ शकतात?

‘काहीही चालेल’ म्हणजे काय?

मराठी घरातल्या ज्येष्ठांचं हे ठरलेलं उत्तर आहे. मुलगा खर्च करतोय, मग आपण कशाला अडचण सांगायची, असं त्यांना वाटतं. त्यामुळे ग्रुपवर विचारून खरं उत्तर मिळत नाही. एकेकाला वेगळं, चहा घेताना विचारावं लागतं. प्रश्नही साधे हवेत. एका वेळी किती चालता येतं? रात्री किती वेळा उठावं लागतं? जिना उतरताना दुखतं की चढताना? कमोडशिवाय चालेल का? बाथटबची कड ओलांडून आत जाता येईल का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण परदेशातल्या अनेक हॉटेलांत शॉवर टबमध्येच असतो आणि ज्येष्ठांच्या घसरण्याची हीच जागा. खोली घेताना ‘वॉक-इन शॉवर’ मागून घ्यावा.

पंधरा वर्षांच्या मुलीलाही असंच वेगळं विचारा. तिचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या ठिकाणाबद्दल नसतं. आपल्याला थोडा वेळ एकटं सोडतील का, ही तिची अडचण असते.

तारीख ठरवणारे दोघे: शाळा आणि हवा

राज्य मंडळाच्या शाळांना मे महिना आणि दिवाळीची मोठी सुट्टी असते. सीबीएसईच्या अनेक शाळांत एप्रिलमध्येच नवं वर्ष सुरू होतं आणि दिवाळीची सुट्टी लहान असते. दोन भावंडांची मुलं वेगवेगळ्या मंडळांत असतील तर सगळ्यांना जमणारे दिवस मोजकेच उरतात. आधी दोन्ही शाळांची वेळापत्रकं शेजारी ठेवा.

मग हवा. मे महिन्यात दुबईत पारा चाळिशीच्या आसपास असतो, दिवाळीच्या सुमारास तिथे फिरणं सुसह्य होतं. सिंगापूर बारा महिने दमट आणि पाऊस कधीही. मे महिन्यात युरोपात आल्हाददायक हवा असते. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे आपल्या मे-जूनमध्ये तिथे सौम्य थंडी असते. पुण्याच्या उन्हातून सुटायला निघालेल्या माणसांनी मे महिन्यात दुबईला जाऊ नये, एवढं तरी मी ठामपणे सांगेन.

कागदपत्रं: सगळ्यांत कमकुवत पासपोर्ट बघा

प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो, लहान मुलांचा ५ वर्षांचाच. त्यामुळे आईवडिलांचे चालू असतात आणि मुलाचा संपलेला असतो. शिवाय बहुतेक देशांना पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते, म्हणजे चार महिने उरलेला पासपोर्ट जवळजवळ संपल्यात जमा. पुणेकरांना नवीन पासपोर्टसाठी मुंढव्याच्या सेवा केंद्रात वेळ घ्यावी लागते. ३६ पानी पासपोर्टची नेहमीची फी १,५०० रुपये, तत्काळसाठी २,००० रुपये जास्त. पोलीस पडताळणीचा वेळ वेगळा धरायचा.

नावाचा घोळ हा खास आपला विषय. मराठी पद्धतीत मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. कुणाच्या पासपोर्टवर ते ‘दिलेल्या नावा’त असतं, कुणाच्या नसतं. लग्नानंतर आधारवर एक आडनाव, पासपोर्टवर दुसरं, असंही असतं. तिकीट पासपोर्टवरच्या नावानंच काढा, अक्षर न् अक्षर जुळवून. आजींच्या जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना पर्यटक म्हणून प्रवेश नाही, असं संयुक्त अरब अमिरातीनं २०२२च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं होतं.

व्हिसाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत सोय झाली आहे. थायलंडनं २०२३च्या नोव्हेंबरपासून आणि मलेशियानं त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश सुरू केला. अशा सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात, म्हणून तिकिटाआधी त्या देशाच्या दूतावासाची साइट उघडून बघा. मॉरिशसलाही आधी व्हिसा काढावा लागत नाही. व्हिसा नसला तरी फॉर्म असतोच: थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर तिघांनाही पोहोचण्याआधी ऑनलाइन आगमन फॉर्म भरून हवा असतो.

युरोपचा शेंगेन व्हिसा सहा महिने आधीपासून मागता येतो. ज्या देशात सगळ्यांत जास्त रात्री राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरणार, त्याच्याकडे. जून २०२४पासून प्रौढांची फी ९० युरो आहे, ६ ते ११ वयाच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना माफ. इथे कुटुंबाचा खरा धोका असा की अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र तपासला जातो. पाच जणांना मिळून सहाव्याला नाकारला, असं होऊ शकतं. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच हॉटेल घ्यावं.

प्रवासाचे तास

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची. नवं टर्मिनल २०२४मध्ये सुरू झालं, तरी थेट परदेशी उड्डाणं मोजकीच आहेत. बहुतेकांना द्रुतगती मार्गानं मुंबई गाठावी लागते. रात्री अडीचचं विमान म्हणजे संध्याकाळी सहा-सातला घर सोडायचं, घाटात अडकायची भीती आणि मग रांगा. गुडघा दुखणाऱ्या माणसाची सहल विमानात बसण्याआधीच दमून जाते. शक्य असेल तर सकाळचं विमान घेऊन आदली रात्र मुंबईत काढा. हा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही.

मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आसपास, दुबई तीन-साडेतीन, सिंगापूर साडेपाच, मॉरिशस सहा-साडेसहा, युरोप साधारण नऊ. आठ दिवसांच्या रजेत युरोप म्हणजे जाण्यायेण्यात दोन दिवस आणि घड्याळाची सवय होण्यात आणखी एक.

चाकाची खुर्ची विमान कंपनीकडे निदान ४८ तास आधी सांगावी. ती मागताना तीन प्रकार असतात: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, जिना चढता येत नाही, आणि अजिबात चालता येत नाही. नेमकं सांगितलं तर नेमकी मदत मिळते. जैन किंवा शाकाहारी जेवणही तसंच आधी नोंदवायचं. गुडघ्यात धातू असेल तर सुरक्षा तपासणीत यंत्र वाजणारच, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली तर समजावणं सोपं जातं.

इन्सुलिन सामानात टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकतं, हातातल्या पिशवीतच ठेवा. औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीवर औषधाचं शास्त्रीय नाव असावं. आपल्याकडे सहज मिळणारी काही वेदनाशामकं आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत, त्यांना आधी परवानगी लागते.

मग जायचं कुठे?

कोथरूडच्या त्या कुटुंबाला मी पहिलं नाव सिंगापूरचं सुचवेन. देश छोटा, रोज हॉटेल बदलायला नको, मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट. सहा वर्षांच्या मुलाला प्राणिसंग्रहालय, मुलीला सेंटोसावरचा युनिव्हर्सल स्टुडिओ, आजींना ‘गार्डन्स बाय द बे’मधले वातानुकूलित घुमट. आणि जेवायला सेरंगून रोडवर १९४७पासून चालू असलेलं शाकाहारी ‘कोमल विलास’.

मॉरिशसचा विचार आपल्याकडे मधुचंद्रापुरता होतो, तो चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या माणसांचे वंशज तिथे आहेत, त्यांच्या मराठी संस्था आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. घरात ते बहुतेक क्रिओल बोलतात, पण आजोबांना गप्पा मारायला निमित्त मिळतं. मुलांना समुद्र, आणि डाळपुरी रस्त्यावर मिळते. शहरात फिरण्याची मौज मात्र सिंगापूरइतकी नाही.

श्रीलंका जवळची आणि तुलनेनं स्वस्त, पण सिगिरिया म्हणजे सुमारे १,२०० पायऱ्या. तिथे कुणीतरी खालीच बसणार, हे आधी ठरवून जावं. जपानमध्ये शाकाहार हीच मोठी परीक्षा आहे, साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो.

स्वित्झर्लंड हे अनेक आजींचं स्वप्न. हिंदी सिनेमाची ती कृपा, इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळाही आहे. पण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, सिंहगडाच्या अडीचपटीहून उंच. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नये. बर्फ पाहायचा हट्ट बाकीच्यांनी पुरवावा आणि त्या दिवशी आजी-आजोबांनी खालच्या तळ्यातून बोटीनं फिरावं. ती बोटीची सफर काही दुय्यम नाही.

मसाई मारासारख्या सहलीत एक वेगळीच अडचण येते. केनियातून परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस किमान दहा दिवस आधी घ्यायची असते. मात्र साठीपुढच्यांना ती देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात आणि नऊ महिन्यांखालच्या बाळांना ती देत नाहीत. म्हणजे तीन पिढ्यांची सहल लशीवरच अडू शकते.

सगळ्यांनी सगळं बरोबर करायचं नाही

कुटुंबाच्या सहलीतली बरीचशी भांडणं यातून होतात. सकाळी नऊला सगळे एकत्र निघतात आणि दुपारी तीनला सगळे एकमेकांवर चिडलेले असतात. दिवसाचा एक मोठा कार्यक्रम एकत्र, दुपारी दोन ते पाच ज्याचं त्याचं, रात्रीचं जेवण पुन्हा एकत्र, एवढं पुरे. दुपारी आजोबांबरोबर हॉटेलवर कोण थांबणार, हे आळीपाळीनं ठरवा. नाहीतर ती जबाबदारी न बोलता सुनेच्या गळ्यात पडते. तिचीही ही सहलच आहे.

खोल्या घेताना ‘कनेक्टिंग’ मागा, म्हणजे दोन खोल्यांमध्ये आतून दार असतं. ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारच्या. आणि युरोपात संडासात जेट नसतो. एक रिकामी बाटली सोबत ठेवावी, याची लाज वाटायचं कारण नाही.

खाऊचा डबा

मेतकूट, दशम्या, बाकरवडी याशिवाय पुणेकराची बॅग भरत नाही. पण युरोपीय संघात तूप, पनीर असे दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहावंच लागतं, लपवलं तर दंड. सगळ्यांत गंभीर गोष्ट अमिरातीची. तिथे खसखशीला अमली पदार्थाच्या यादीत धरतात. दिवाळीत दुबईला निघालेल्या आजी भाच्याच्या घरी फराळ नेणार आणि अनारशांवर खसखस असणार. ती बॅग घरीच नीट तपासा.

कंपनी, विमा आणि कर

केसरी (१९८४) आणि वीणा वर्ल्ड (२०१३) यांनी मराठी माणसाला परदेशात मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि भारतीय जेवण दिलं. ज्येष्ठांना ही सोबत मानवते. पण ग्रुप टूरमध्ये पहाटेचा वेक-अप कॉल आणि बसची ठरलेली वेळ असते. सहा वर्षांचं मूल आणि मंद चालणारी आजी दोघांचीही त्यात ओढाताण होते. फक्त आपल्या कुटुंबासाठी आखून घेतलेली सहल महाग पडते, पण आमच्या कोथरूडकरांना तीच सोयीची.

परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस कापून घेते. तो जास्तीचा खर्च नाही, विवरणपत्र भरताना तो तुमच्या करात वळता होतो. दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, म्हणून बिलावरची रक्कम बघा आणि पावती ज्याच्या पॅनवर कर फिरवायचा त्याच्याच नावानं घ्या. निवृत्त आजोबांच्या नावानं घेतली तर परतावा मागण्यासाठी त्यांना विवरणपत्र भरावं लागेल.

विम्यात आजोबांचा मधुमेह आणि रक्तदाब लिहायलाच हवा. प्रीमियम वाढेल म्हणून लपवला तर दावा नाकारला जातो. बऱ्याच पॉलिसींमध्ये जुन्या आजारासाठी फक्त जीवघेण्या प्रसंगीच खर्च मिळतो, ते कलम वाचून घ्या. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतंच.

निघण्याआधी दोन महिने एक रविवार काढा. शनिवारवाडा, तुळशीबाग, राजा केळकर संग्रहालय असा दिवस पायी करा, फोनमध्ये पावलं मोजत. परदेशात फिरण्याच्या दिवशी दहा-बारा हजार पावलं सहज होतात. संग्रहालयाच्या जिन्यात आजी कितव्या मजल्यावर थांबतात आणि नातू किती वाजता कंटाळतो, ते कागदावर लिहा. मग तो कागद घेऊन ट्रॅव्हल एजंटकडे जा.