जलाशयाखालील थडगीं व स्थलाचा पुरावा

थडगें हा एक प्रकारचा लेखच होय. त्याचा कांहीं भाग दगडावर कोरलेला असतो व कांहीं भाग तो दगड जेथें उभा आहे त्या जागेंत असतो. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत श्मशानाची जागा कशी असावी याचा सविस्तर विचार केला आहे, तो उगाच नव्हे. जलाशयासाठीं दफनभूमि हलविली असतां या दुसऱ्या भागाचें काय होतें, हें एका उदाहरणावरून पाहूं.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत बोस्टन शहराच्या पाण्यासाठीं स्विफ्ट नदीचें खोरें बुडविण्याचा कायदा १९२७ सालीं झाला. डेना, एनफील्ड, ग्रीनिच व प्रेस्कॉट हीं चार गांवें २८ एप्रिल १९३८ रोजीं कायद्यानें नाहींशीं झालीं. सुमारें २,५०० लोकांस घरें सोडावीं लागलीं. १९३९ सालीं पाणी सांठूं लागलें व १९४६ सालीं क्वाबिन जलाशय भरला.

जिवंतांप्रमाणें मृतांसही उठावें लागलें. ३४ दफनभूमींतील ७,५०० हून अधिक थडगीं उकरण्यांत आलीं व त्यांतील बहुतेक वेअर येथें मुद्दाम तयार केलेल्या क्वाबिन पार्क दफनभूमींत नेण्यांत आलीं. गांवोगांवचीं युद्धस्मारकेंही तेथेंच आणलीं. काम बेपर्वाईनें झालें असें म्हणतां येणार नाहीं. जुन्या दफनभूमींचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं आहेत.

तथापि डेना गांवाचा मध्यभाग पाण्याखालीं गेलाच नाहीं. पाण्याच्या शुद्धतेसाठीं तेथील घरें पाडलीं व थडगींही हलविलीं. आज तेथें घरांचे पाये दिसतात. त्या घरांत राहिलेल्यांचीं नांवें मात्र वेअर येथें वाचावीं लागतात. एकाच लेखाचे असे दोन तुकडे झाले आहेत.

गोव्यांत साळावली धरणाखालीं कुर्डी गांव गेलें. तेथील महादेवाचें देऊळ चिरा चिरा सोडवून पुरातत्त्व खात्यानें दुसरीकडे उभारलें. असें असूनही उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कुर्डीचे हिंदू व ख्रिस्ती ग्रामस्थ आपापल्या उत्सवासाठीं जुन्या जागींच जमतात. वास्तु हलली, पण स्थल हललें नाहीं, हें त्यांस कोणी शिकविलें नाहीं.

धरणें बांधूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. तहानलेल्यास पाणी देणें हाही धर्मच आहे. परंतु आपल्याकडे वीरगळ व सतीशिळा उचलून देवळाच्या भिंतीशीं टेकवून ठेवितात आणि ते कोणत्या शिवारांतून आणले हें कोणी टिपून ठेवीत नाहीं. मग कोणत्या वाटेवर, कोणत्या खिंडीशीं तो वीर पडला हें सांगण्यास दगड असमर्थ होतो. दगड उचलण्यापूर्वीं त्याची जागा, त्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे व त्याच्या शेजारीं काय आहे, एवढें तरी संशोधकांनीं कागदावर उतरून घ्यावें. त्यास धरणाइतका खर्च येत नाहीं.