बिझनेस स्कूलची प्रवेश मुलाखत : मुलाखतकार निवडताना

परदेशातील बिझनेस स्कूलमध्ये एमबीएसाठी अर्ज करणाऱ्या भारतीय उमेदवारांना काही संस्थांत मुलाखतीपूर्वी एक निवड करावी लागते. मुलाखत प्रवेश विभागाच्या अधिकाऱ्यापुढे द्यावी, माजी विद्यार्थ्यापुढे, की तेथेच शिकत असलेल्या विद्यार्थ्यापुढे, हा तो प्रश्न होय.

ही मुभा सर्वत्र नसते. हार्वर्डमध्ये प्रवेश मंडळाचे सदस्य मुलाखत घेतात, तर स्टॅनफर्डमध्ये हे काम बहुतांशी माजी विद्यार्थ्यांकडे असते. डार्टमथच्या टक स्कूलमध्ये द्वितीय वर्षाचे विद्यार्थीही मुलाखतकार असतात. व्हार्टनमध्ये उमेदवारांची गटचर्चा घेतली जाते. भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये (आयआयएम) मुलाखत मंडळ संस्थाच ठरवते आणि त्यात प्रामुख्याने प्राध्यापक असतात.

जेथे निवडीस वाव आहे, तेथे मुलाखतकाराच्या पदापेक्षा त्याने काय वाचले आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. हार्वर्डमध्ये मुलाखतकाराने संपूर्ण अर्ज वाचलेला असतो. त्यामुळे निबंधातील विधाने, नोकरीतील बदल किंवा गुणपत्रिकेतील उणिवा यांवर थेट प्रश्न येतात. याउलट माजी विद्यार्थी व विद्यार्थी मुलाखतकारांपुढे बहुधा केवळ बायोडेटा असतो. अशा वेळी आपली वाटचाल, एमबीएची गरज आणि पुढील उद्दिष्ट उमेदवाराला प्रारंभापासून मांडावे लागते. निबंधात लिहिलेले मुलाखतकाराला ठाऊक असेल, असे गृहीत धरणे येथे महागात पडते.

प्रत्येक पर्यायाचे स्वतंत्र लाभ आहेत. अधिकाऱ्याकडून प्रवेशप्रक्रिया व शिष्यवृत्तीची माहिती मिळू शकते. त्याच उद्योगक्षेत्रातील माजी विद्यार्थ्याला उमेदवाराच्या कामाचे स्वरूप चटकन उमगते. मात्र पोकळ दावेही तो तितक्याच लवकर ओळखतो. विद्यार्थी मुलाखतकार अध्यापन, वसतिगृह आणि नोकरीच्या संधींविषयी ताजा अनुभव सांगू शकतो. त्याच्या वयामुळे संभाषण अनौपचारिक वाटले, तरी त्याचा लेखी अहवाल प्रवेश समितीकडे जातोच.

वेळेचा विचारही आवश्यक आहे. भारतात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याशी सोयीच्या वेळी भेट ठरू शकते. अमेरिकेतून होणाऱ्या ऑनलाइन मुलाखतीसाठी रात्री उशिरापर्यंत जागावे लागण्याची शक्यता असते. न्यूयॉर्क व भारत यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेदहा, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेनऊ तासांचे अंतर असते. जानेवारीत अर्ज केलेल्यांच्या मुलाखती अनेकदा याच सुमारास होत असल्याने भारतीय वेळ लेखी निश्चित करून घेणे हिताचे ठरते.

निवडीची मुभा देणाऱ्या संस्था सर्वसाधारणपणे सर्व मुलाखतकारांच्या अहवालांना समान महत्त्व देतात. त्यामुळे ‘सौम्य’ मुलाखतकाराच्या शोधात वेळ दवडण्यापेक्षा त्याच्या हाती कोणती कागदपत्रे असतील, हे संस्थेच्या सूचनांवरून जाणून त्यानुसार तयारी करणे अधिक उपयुक्त ठरते.