इब्न सीनांची नळी आणि आपला अभिमान

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून येतो. इब्न सीनांनी हजार वर्षांपूर्वी रुग्णाच्या घशात नळी घालून श्वास दिला, म्हणजे आजचं इंट्युबेशन ही आपलीच देणगी, असा त्याचा सूर असतो. खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागते. पूर्वी मीही तो पुढे ढकलायचो. अब्बा गेल्यापासून ते थांबलं.

अब्बांचं हृदय घरीच बंद पडलं. ॲम्ब्युलन्समधल्या मुलाने छाती दाबत, तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा देत त्यांना दवाखान्यापर्यंत नेलं. श्वासनलिकेत नळी तिथे पोचल्यावर पडली. अब्बा वाचले नाहीत. दफन उरकून परतताना चाचा म्हणाले, “त्या पोराने वाटेतच नळी घातली असती तर?” हा प्रश्न मला अनेक महिने छळत होता. त्याचं उत्तर शोधताना मी या नळीच्या इतिहासात शिरलो.

मेसेज खोटा नाही, पण अर्धा आहे. इब्न सीनांनी (980–1037) ‘अल-कानून’मध्ये लिहिलंय की, गरज पडल्यास सोन्याची, चांदीची किंवा तशाच धातूची नळी घशात सरकवून श्वासाला मदत करावी. मात्र त्यांच्यासमोरचा रुग्ण जिवंत होता, फक्त त्याचा श्वास कोंडला होता. थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करण्याचा तो उपाय नव्हता.

मला त्यांच्याहून जास्त भावले ते अंदलुसचे दोन वैद्य. अल-जहरावी (936–1013) गळ्यावर छेद देऊन श्वासनलिका उघडण्याविषयी लिहितात आणि प्रांजळपणे सांगतात, की आपल्या मुलखात हे कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. मग ते स्वतः पाहिलेली हकीकत देतात. एका दासीने सुरीने स्वतःचा गळा चिरला होता. त्यांनी जखम शिवली, ती वाचली, आवाज तेवढा घोगरा राहिला. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं, की तिथला छेद जीवघेणा नसतो. पुढे बाराव्या शतकात इब्न जुहर यांनी हेच एका शेळीवर करून पाहिलं. शेळी बरी झाली. ऐकीव गोष्टीवर दोघेही थांबले नाहीत.

नळीचा पुढचा प्रवास युरोप-अमेरिकेत झाला. 1878 मध्ये ग्लासगोच्या विल्यम मॅकिवन यांनी गळा न कापता, तोंडावाटे धातूची नळी श्वासनलिकेत बसवून शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या लेकरांच्या स्वरयंत्रात नळ्या बसवल्या. 1943 मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी वाकडं पातं असलेला लॅरिंगोस्कोप आणला. आजही जगभरचे भूलतज्ज्ञ तो वापरतात.

बंद पडलेल्या हृदयाची गोष्ट त्यानंतरची. 1950 च्या दशकात बाल्टिमोरमध्ये पीटर सफार यांनी दाखवून दिलं, की डोकं मागे झुकवून हनुवटी उचलली तर श्वासाची वाट मोकळी होते आणि तोंडाने दिलेला श्वास पुरतो. 1960 मध्ये त्याच शहरातून बाहेरून छाती दाबण्याची पद्धत जाहीर झाली. दोन्ही मिळून सीपीआर झाला. मग श्वासाची सर्वांत पक्की सोय म्हणून नळीही त्याला जोडली गेली. ती मोठी आणि कठीण गोष्ट, म्हणून तीच उत्तम, असा समज रूढ झाला.

पण रस्त्यावर, पडलेल्या माणसाच्या डोक्याशी गुडघे टेकून नळी घालणं अवघड असतं. ती चुकून अन्ननलिकेत जाते. ती घालेपर्यंत छाती दाबणं थांबतं. म्हणून सोपी साधनं आली. 1981 मध्ये लंडनमध्ये आर्ची ब्रेन यांनी लॅरिंजियल मास्क बनवला. तो श्वासनलिकेत शिरत नाही, स्वरयंत्राच्या तोंडाशी बसतो. त्याच जातीचं ‘आय-जेल’ ब्रिटनमधले भूलतज्ज्ञ डॉ. मुहम्मद नासिर यांनी तयार केलं. त्यात हवा भरायचा फुगाही नाही.

मग चांगलं कोणतं? नुसत्या नोंदी पाहून हे कळत नाही. जो रुग्ण दोन मिनिटांत शुद्धीवर येतो त्याला नळी लागतच नाही. ज्याचं हृदय बराच वेळ बंद आहे, त्याला ती पडते. मग नळीच वाईट दिसते. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून तुलना करावी लागते.

2018 मध्ये अशा तीन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. इंग्लंडमध्ये 1,523 पॅरामेडिकची वाटणी करून 9,296 रुग्ण तपासले. चांगल्या अवस्थेत वाचलेले आय-जेलच्या गटात 6.4 टक्के होते, तर नळीच्या गटात 6.8 टक्के. हा फरक नगण्य ठरला. दोन प्रयत्नांत हवा नीट पोचण्याचं प्रमाण मात्र 87.4 विरुद्ध 79 टक्के, म्हणजे आय-जेल पुढे. अमेरिकेत 3,004 रुग्णांमध्ये स्वरयंत्रामागे बसणारी सोपी ट्यूब वापरलेले 18.3 टक्के रुग्ण 72 तास जगले. नळीच्या गटात हा आकडा 15.4 होता. फ्रान्स-बेल्जियममध्ये 2,043 रुग्णांवर मास्क-पिशवी आणि नळी यांची तुलना झाली. मेंदू शाबूत राहून 28 दिवस जगलेले 4.3 आणि 4.2 टक्के. पिशवीच्या गटात पोटातलं वर येण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि दोन्ही सारख्याच, असा निकालही देता आला नाही. पण नळी सरस आहे, हेही दिसलं नाही.

हे आकडे वाचताना मला अल-जहरावी आणि इब्न जुहरची शेळी आठवत राहिली. आपण वारसा म्हणून नळी मिरवतो. मिरवायचंच तर त्यांचं पडताळून पाहणं मिरवावं. ती सवय आज आपल्या मोहल्ल्यात किती उरलीय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. तो मेसेज पुढे ढकलताना मी तरी काहीच पडताळलं नव्हतं.

गेल्या ईदला चाचांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांना टक्केवारीत रस नव्हता. बराच वेळ गप्प बसून त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे त्या पोराची चूक नव्हती?”

“नव्हती, चाचा. त्याने छाती दाबणं सोडलं नाही. तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.”

“मी त्याला फार बोललो होतो रे,” चाचा म्हणाले. मग त्यांनी मला त्याचा नंबर मिळतो का, ते बघायला सांगितलं.