शेगडीचा धूर विरतो, मेंदूवरील घाव उरतो

विदर्भात हिवाळ्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा गोंदियात होते. शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावात अशा रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून घेण्याचा मोह साहजिक आहे. कोळसा लालबुंद झाला, धूर थांबला, म्हणजे धोका टळला अशी समजूत असते. ती चुकीची आहे. कार्बन मोनॉक्साईड या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमधूनही तो तयार होतो.

रक्तातील हिमोग्लोबिनशी हा वायू प्राणवायूच्या दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्टपणे जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी आणि नंतर बेशुद्धी असा क्रम असतो. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. त्यामुळे पहिला फटका त्यालाच बसतो.

रुग्ण शुद्धीवर येऊन घरी परतला की प्रकरण संपले असे कुटुंबीय मानतात. काहींच्या बाबतीत खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. दोन ते चाळीस दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि मग नावे विसरू लागतो, चाल मंदावते, हातपाय ताठरतात, लघवीवरील ताबा सुटतो, स्वभाव पालटतो. मेंदूतील श्वेतद्रव्यातील तंतूंवरचे आवरण या काळात झिजलेले असते. एमआरआयमध्ये ‘ग्लोबस पॅलिडस’ या भागातही अनेकदा इजा दिसते. मात्र शेगडीची ती रात्र डॉक्टरांना कोणी सांगितलीच नाही, तर हे सारे वेड किंवा म्हातारपण म्हणून खपून जाते.

कोळशाच्या विटांनी घरे उबदार ठेवणाऱ्या दक्षिण कोरियात याचा मोठा अभ्यास झाला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २,३६० बाधितांपैकी ६५ जणांना असा उशिराचा त्रास झाल्याचे आढळले. पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांश वर्षभरात सावरले, ही त्यातील दिलाशाची बाब.

गोंदियाहून त्याच हावडा रेल्वेमार्गावर असलेल्या भिलाई पोलाद कारखान्यात जून २०१४ मध्ये झडभट्टीच्या वायूची गळती होऊन सहा जणांचा बळी गेला. मृतांचा आकडा लक्षात राहतो. अशा घटनांतून वाचलेल्यांच्या स्मृतीचे पुढे काय झाले, याची विचारपूस क्वचितच होते.

उपचारात वेळेला महत्त्व आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात, मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५२ रुग्णांच्या चाचणीत उच्चदाब प्राणवायू मिळालेल्यांपैकी २५ टक्के, तर इतरांपैकी ४६ टक्के रुग्णांमध्ये सहा आठवड्यांनी बौद्धिक दोष दिसले. मात्र या उपचाराविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही आणि त्याची सोय मोजक्याच ठिकाणी असते. म्हणून रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणून जवळच्या रुग्णालयात प्राणवायू सुरू करणे हेच पहिले काम ठरते.

करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर येथे फसवतो. विषबाधा झालेल्या रक्तातही तो ९८ टक्के दाखवू शकतो. निदानासाठी कार्बोक्सीहिमोग्लोबिनची रक्तचाचणीच करावी लागते. घरी परतल्यावर किमान दीड महिना रुग्णाचे बोलणे, चालणे आणि विसराळूपणा यांवर घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि बदल जाणवताच मेंदूविकारतज्ज्ञांना शेगडीच्या किंवा गिझरच्या घटनेसह सारे सांगावे.