बक्षीसपत्र, राहते घर आणि मृत्युकर

भारतात 15 ऑक्टोबर 1953 पासून ‘इस्टेट ड्यूटी’, म्हणजेच मृत्युकर लागू झाला, त्या वेळी केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. हा कर वारसाच्या पदरी पडणाऱ्या हिश्श्यावर नव्हे, तर मृताच्या मागे राहिलेल्या एकूण मालमत्तेवर आकारला जाई. त्याचा आराखडा इंग्लंडमधील 1894 च्या कायद्यावरून घेतलेला होता आणि त्याबरोबर तिकडच्या कुटुंबजीवनाविषयीची गृहीतकेही आली. एकत्र कुटुंबासाठी, म्हणजे मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणाऱ्या मिताक्षरा पद्धतीसाठी, कायद्यात वेगळी कलमे घालण्यात आली; परंतु बापाने स्वकष्टाने बांधलेले घर मुलांच्या नावे केले आणि मग त्याच घरात तो म्हातारा झाला, तर काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र इंग्रजी साच्यातच राहिले.

ते उत्तर दहाव्या कलमात होते. मृत्यूपूर्वी दोन वर्षांच्या आत दिलेले दान करपात्र ठरे, हे नवव्या कलमाने आधीच सांगितले होते. दहावे कलम त्यापुढे जाऊन असे म्हणे की, दान कितीही जुने असले तरी घेणाऱ्याने मिळकतीचा ताबा आणि उपभोग देणाऱ्याला पूर्णपणे वगळून घेतला नसेल, तर ती मिळकत मृत्यूच्या वेळी देणाऱ्याचीच समजली जाईल. करातून सुटका हवी असेल, तर बापाने मृत्यूपूर्वीची किमान दोन वर्षे त्या मिळकतीच्या उपभोगापासून पूर्णतः दूर असणे आवश्यक होते. कर चुकवण्यासाठी केलेली दिखाऊ दाने पकडणे हा कलमाचा हेतू रास्तच होता. मात्र ज्या समाजात म्हाताऱ्या बापाने मुलांपासून वेगळे राहणे हीच चर्चेची गोष्ट होते, तिथे त्याच्या जाळ्यात लबाडांपेक्षा सरळ माणसेच अधिक सापडण्याजोगी होती.

सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये निकाली काढलेले बंगळूरचे प्रकरण याचा नमुना आहे. पित्याने 1954 मध्ये घर दोन मुलांना बक्षीस दिले आणि 1959 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो कुटुंबप्रमुख म्हणून तिथेच राहिला. पुढे घरपट्टी मुलांच्या नावे भरली जात होती, आणि राहण्याचा कोणताही हक्क त्याने कागदावर राखून ठेवला नव्हता. न्यायालयाने ठरवले की, राहण्याला कायदेशीर हक्काचा आधार नसून केवळ मुलांच्या मायेचा असला, तरी देणारा ताब्यातून पूर्णपणे वगळला गेला होता असे म्हणता येत नाही. त्यामुळे घर करपात्र ठरले.

या निकालाच्या दोन वर्षे आधीच, 1965 च्या वित्त कायद्याने, दहाव्या कलमाला परंतुक जोडले गेले होते. मात्र ते जुन्या मृत्यूंना लागू नव्हते. पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ वा बहीण यांना दिलेले घर, देणारा तिथे राहतो एवढ्याच कारणाने करपात्र ठरू नये, असे त्यात म्हटले होते. अपवाद एकच होता: बक्षीसपत्रात किंवा त्याला जोडून केलेल्या दस्तात राहण्याचा हक्क राखून ठेवला असेल, तर सवलत नाही. अर्थात, करसल्ला घेणाऱ्या शहाण्या बापाने आपल्या निवाऱ्याची तरतूद कागदावर येऊ न देणेच फायद्याचे ठरले, आणि कायद्याने म्हातारपणीच्या निव्वळ भरवशाला करसवलतीचे बक्षीस दिले. ही तडजोड उदार दिसत असली, तरी तिची किंमत म्हाताऱ्यांच्याच माथी होती.

मृत्युकराचा सर्वोच्च दर एके काळी 85 टक्क्यांपर्यंत गेला असला, तरी वसुली वर्षाला सुमारे 20 कोटी रुपयांच्याच घरात राहिली. त्या मानाने प्रशासनाचा खर्च जड ठरतो, असे कारण देऊन विश्वनाथ प्रताप सिंह यांनी 1985 च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला. त्यानंतर राहण्याचा हक्क दस्तात लिहिण्यात मृत्युकराचा धोका उरला नाही. उलट, ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी 2007 मध्ये झालेल्या कायद्याच्या 23 व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. महाराष्ट्रात 2015 पासून राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये लागते, त्यामुळे असे दस्त करणे स्वस्तही झाले आहे. मात्र त्यात सांभाळाची अट लिहून घेणे हे आजही दस्त करणाऱ्या बापाच्याच हाती आहे.