पदवी कोणाच्या नावे?



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्या गुरुजींनी आम्हांला देशी पद्धतीचे वहीखाते शिकविले होते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. एखाद्याने रक्कम नुसतीच मांडून ठेवली, की गुरुजी वहीवर बोट ठेवून विचारीत, "ही कोणाच्या नावे?" पुढे मी मानसशास्त्राचा अध्यापक झालो. वहीखात्याशी माझा संबंध उरला नाही, पण तो प्रश्न सुटला नाही.

गेल्या मे महिन्यात आपल्याच शाळेची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. बारावीला चांगले गुण, वडील मांडवीतल्या एका दुकानात कामाला. एका खाजगी विद्यापीठात मानसशास्त्राच्या तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळत होता. शुल्क, वसतिगृह धरून खर्च सहा लाखांचा. "सर, बँकेचे कर्ज घेऊ का?" एवढेच तिने विचारले. चाळीस वर्षे ज्याने हा विषय शिकविला, त्याला या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येऊ नये, याची मला शरम वाटली. आजचे व्याख्यान त्या शरमेतून निघाले आहे.

पदवीसाठी ऋण काढणे ही काही आजची रीत नव्हे. आपल्या बडोद्याइतका तिचा जुना दाखला क्वचितच मिळेल. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो राज्यभर नेला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते शिक्षण मोफत होते. उच्च शिक्षणाची व्यवस्था मात्र निराळी होती. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराने बडोदा राज्याशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, विद्यापीठ कोलंबिया. आणि मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी. आपण याला शिष्यवृत्ती म्हणतो, आणि ती होतीच. परंतु गुरुजींच्या वहीत ती नावेच पडली असती. फेड पैशांत नव्हती, आयुष्याच्या वर्षांत होती.

आणि तो करार का पुरा झाला नाही? शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्यास आले. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून दीडशे रुपये पगार. राहायला जागा कोणी देईना, म्हणून नाव लपवून एका पारशी विश्रांतिगृहात उतरले. तिथे रोजचा दीड रुपया, म्हणजे महिन्याचे पंचेचाळीस. पगाराचा तीन-दशांश नुसत्या डोक्यावरच्या छपरासाठी. हिशेब तरीही जमत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे दारात आली आणि हिशेब संपला. मित्रांनी घरी ठेवून घेण्यास असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी रात्री होती, तोवर ते कमाठीबागेत बसून राहिले. कोलंबियाची एम.ए. ज्याच्या गाठी होती त्याला या शहराने अकरा दिवसांहून अधिक राहू दिले नाही. पदवीची कमाई मोजताना ती वटविणाऱ्या समाजाचीही पत तपासावी लागते, एवढे मला यातून दिसते. आम्ही बडोदेकर महाराजांच्या औदार्याची गोष्ट अभिमानाने सांगतो आणि बागेतल्या त्या संध्याकाळची चोरट्या आवाजात. पुढे आंबेडकरांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पाच हजार घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. एकाच माणसाच्या शिक्षणात दान, करार, बचत आणि हातउसने अशी चारही खाती सापडतात.

कर्ज-शिष्यवृत्ती हा शब्दही जुनाच. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी उभारला, तो दानाचा नव्हता, परतफेडीचा होता. त्याचा पहिला लाभ डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्रियांना झाला. एकाने फेडलेल्या रकमेतून पुढच्याने शिकावे, अशी ती सोय. पण डॉक्टर परत आला की दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडू शकतो. मानसशास्त्राचे तसे नाही, आणि मुद्दा इथेच अडतो.

आपल्या देशात या विषयाचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१६ मध्ये कलकत्त्यास निघाला. नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला शिकून आलेले तिथले प्रमुख. त्या काळी हा विषय शिकून मनुष्य काय होई? बहुतेक अध्यापक. रुग्णांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ घडविण्याचे शिक्षण पुष्कळ उशिरा, १९५५ मध्ये, बंगलोरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत सुरू झाले, तेही पदव्युत्तर. पुढे १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक स्थान मिळाले आणि नोंदणीची अट आली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंद व्हायची तर पदवी, मग दोन वर्षे एम.ए., मग दोन वर्षांची एम.फिल., हा रूढ मार्ग झाला. ती एम.फिल.ही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी मोडीत काढली. या अभ्यासक्रमाला मात्र मुदत वाढवून मिळाली. थोडक्यात, तीन वर्षांची पदवी ही या घराची पायरी आहे, दार नव्हे. जाहिरातींतून मात्र पायरीलाच दाराचा भाव लागतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. केंद्र सरकारने १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना काढली होती. बिनव्याजी कर्ज, आणि जो शिक्षकी पेशा पत्करील त्याचा दर वर्षी एक-दशांश भाग माफ. मी १९६७ मध्ये ते कर्ज घेऊन शिकलो आणि अध्यापक झालो. दहा वर्षे खडू झिजविला आणि खाते मिटले. त्यामुळे शिक्षणाचे कर्ज म्हणजे काहीतरी सौम्य, वडीलधारे प्रकरण असते अशी माझी समजूत कायम राहिली. ती समजूत मी दुसऱ्याच्या गळ्यात बांधली, हे माझ्या नावे असलेले कलम आहे.

बँकांच्या संघटनेने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आणली. चार लाखांपर्यंत तारण नको. त्यानंतर काही वर्षांनी माझ्या वर्गातील एका हुशार मुलाने मला विचारले, पुढचे शिक्षण बाहेरगावी कर्जाने करू का? मी म्हणालो, "बेलाशक कर." व्याजाचा दर मी विचारला नाही. एम.ए. झाल्यावर त्याला जी कंत्राटी समुपदेशकाची नोकरी लागली, तीत वर्षाचे दहाच महिने पगार होता. हप्ता बाराही महिने. सहा वर्षे त्याच्या आईने शिवणयंत्रावर ते दोन महिने भरून काढले. तो आजही मला भेटला की वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घेववत नाही.

म्हणून या मुलीसमोर मी पाटी घेऊन बसलो. सहा लाख, वर्षाला दोन याप्रमाणे उचल. दर हिशेबापुरता दहा टक्के. शिक्षणाची तीन वर्षे व वर भरण्यास सवलतीचे एक, एवढ्या काळाचे सरळव्याज एक लाख ऐंशी हजार. मुद्दल झाले सात लाख ऐंशी हजार. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला सुमारे तेरा हजार, एकूण भरणा जवळजवळ अकरा लाख. आणि हप्ता सुरू होतो त्या वेळी ही मुलगी, विषय सोडला नाही तर, अजून एम.ए.च्या वर्गात असणार. सवलतीचे वर्ष संपेल, विद्यार्थिदशा संपणार नाही. ते आकडे पाहून ती गप्प झाली. मग म्हणाली, "सर, पण मला हेच शिकायचे आहे." याला पाटीवर जागा नव्हती.

अमेरिकेत या विषयाचे दरवर्षी लाखाहून अधिक पदवीधर बाहेर पडतात. तिथे १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने सरकारी हमीची कर्जे सर्रास झाली आणि २०१२ मध्ये विद्यार्थ्यांच्या एकूण कर्जाने एक लाख कोटी डॉलरांची मर्यादा ओलांडली. मोठ्या कर्जमाफीचा बेत तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरविला. आपल्याकडचा आकडा लहान आहे. शिवणयंत्र मात्र तेच असते.

मी तिला शेवटी असे सुचविले : पहिली पदवी इथेच, बडोद्यातच, घरी राहून कर. आपल्या विद्यापीठात १९४९ पासून आजवर कितीतरी घरांतली पहिली पदवी अशीच झाली. कर्ज काढायचेच तर त्या शिक्षणासाठी काढ, ज्याच्या शेवटी नोंदणी आहे. आणि कोणतीही संस्था असो, तिचे गेल्या तीन वर्षांचे पदवीधर आज काय करतात, हे त्यांनाच भेटून विचार. माहितीपत्रकाला विचारू नकोस. तिने सगळे ऐकून घेतले. मानले की नाही, ते मला कळलेले नाही. प्रवेशाची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. जाताना ती हिशेबाचा कागद घेऊन गेली. तेरा हजारांच्या आकड्याखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती, आणि त्यापुढे उजव्या बाजूला स्वतःचे नाव लिहिले होते.