मोबाइलला खरंच कळतं का?

गेल्या श्रावणात आमच्या दिवेआगरला बचत गटाची बैठक होती. एका वहिनींनी मोबाइलला विचारलं, "सुपारीची कोवळी फळं कुजून गळतायत, काय करू?" मोबाइल चक्क मराठीत बोलला, कोळेरोग असेल, बोर्डो मिश्रण फवारा. उत्तर बरोबर होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "ह्याला खरंच कळतं, का नुसताच बोलतो?" झालं! तासभर तेवढंच चाललं, हप्ते गोळा करायचे राहून गेले.

आजींचा प्रश्न मोठमोठ्या माणसांनाही पडलेला आहे. इंग्लंडच्या ॲलन ट्युरिंग यांनी 1950 साली त्यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की लिहून प्रश्न विचारा. उत्तर देणारं माणूस आहे की यंत्र हे ओळखता येत नसेल, तर यंत्र विचार करत नाही असं कशाच्या जोरावर म्हणणार?

मला हे पटतापटता राहतं, ते आमच्या गावच्या ताम्रपटामुळे. दिवेआगर म्हटलं की सगळ्यांना सुवर्णगणेश आठवतो. पण इथे शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा, मराठी ताम्रपटही सापडला आहे. मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांत त्याची गणना होते. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ त्या तांब्याने शब्द सांभाळले, पण त्याला त्यातलं अक्षरही कळलेलं नाही. अर्थात ताम्रपट उलट बोलत नाही, मोबाइल बोलतो. गोंधळ तिथेच होतो.

आता मुंबईची गोष्ट ऐका. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1954 साली आर. नरसिंहन नावाचे शास्त्रज्ञ आले. त्यांच्या गटाने आपल्याच देशात आराखडा करून मोठा संगणक बांधला. 1960 साली तो कामाला लागला आणि 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' नाव दिलं. आत सुमारे 2,700 काचेच्या नळ्या होत्या, आणि लक्षात ठेवायची ताकद फक्त 2,048 आकड्यांची! आपल्या साध्या मोबाइलपुढे ते काहीच नाही. तरी शास्त्रज्ञांची किचकट गणितं तो करायचा.

पण मला नवल वाटतं ते पुढचं. बुद्धी म्हणजे काय हे शोधताना याच नरसिंहन यांनी लहान मुलं बोलायला कशी शिकतात याचा अभ्यास केला. बोलू लागलेलं तमिळ मूल आणि घरची मोठी माणसं यांचं बोलणं टिपून घेतलं. 1981 साली त्यांचं भाषेच्या वर्तनावरचं पुस्तक आलं. संगणक बांधणारा माणूस शेवटी आपल्या ओट्यावर येऊन बसला म्हणायचा!

आपण बाळाला व्याकरण शिकवत नाही. "गरम आहे हं" म्हणतो आणि हात मागे ओढतो. शब्द आणि चटका त्याला एकत्रच मिळतात. आजची बोलणारी यंत्रं लोकांनी लिहून ठेवलेला अफाट मजकूर चाळून शब्दामागून शब्द जुळवायला शिकतात. त्यांना शब्द मिळाला, चटका नाही. म्हणून मी म्हणते, कामाला उत्तम, पण आपल्यासारखी समज अजून नाही.

माझी कॉलेजातली भाची भांडते. "मावशी, तू तरी ट्युरिंगला भेटलीस का? तुलाही ऐकूनच माहीत ना?" यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, हे कबूल करते.

त्या दिवशी वहिनी फवारणीला निघाल्याच होत्या. आजींनी अडवलं, "बाहेर पाऊस बघ. सगळं धुऊन जाईल." भाची म्हणाली, "पाऊस पडतोय हे मोबाइलला सांगितलं असतं, तर तोही थांबाच म्हणाला असता."

"सांगावं लागलं असतं ना?" आजी म्हणाल्या.

दोघींचा वाद अजून चालूच आहे. वहिनींनी मात्र उघडीप मिळाल्यावर फवारणी केली, आणि राहिलेले हप्ते आम्ही पुढच्या बैठकीत घेतले.